जहाजातला वेगळा मोहल्ला : स्वीट घ्यायचा की नाही?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला ‘ज्येष्ठांचं आरोग्य’ या विषयावर बोला म्हणून सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. रोज फिरा, गोड कमी खा, बीपीची गोळी चुकवू नका, हे आपल्याला डॉक्टर सांगतात, सुना सांगतात, आता मोबाइलही सांगतो. त्यात मी कशाला भर घालू? दुसरं म्हणजे, गेले दोन महिने आपल्या गेटजवळच्या बाकांवर संध्याकाळी फक्त एकाच विषयावर चर्चा चालली आहे आणि ती आता थोडी गरम व्हायला लागली आहे. रौप्यमहोत्सवाची सहल क्रूझवर न्यायची, अकरा घरं तयार आहेत, इथपर्यंत सगळं गोड झालं. पण त्यातल्या तीन घरांनी ‘आम्ही स्वीट घेणार’ म्हटलं आणि बाकीच्या आठ घरांचे चेहरे जरा बदलले. मी गणिताची शिक्षिका, बत्तीस वर्षं शिकवलं. मागच्या वर्षी आम्ही दोघं सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या जहाजावर जाऊनही आलो. म्हणून म्हटलं, यावरच बोलावं.

पहिल्यांदा शब्द समजून घेऊ. आमच्या घरी पत्रक आलं तेव्हा हे म्हणाले, “स्वीट म्हणजे गोड, सूट म्हणजे सवलत. भाडं पाहिलं तर यात दोन्ही नाही.” जहाजावर राहायच्या खोलीला केबिन म्हणतात. सर्वांत स्वस्त केबिन आतली असते, तिला खिडकी नसते. मग खिडकीची, मग बाल्कनीची, आणि सगळ्यांत वर स्वीट. स्वीट म्हणजे बैठकीची जागा, मोठं न्हाणीघर वगैरे असलेली ऐसपैस खोली. इथपर्यंत आपल्याला लॉजमधल्या साध्या आणि एसी रूमसारखंच वाटतं. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोठ्या जहाजांवर एक नवीन गोष्ट आली. स्वीटवाल्यांसाठी जहाजातच एक बंदिस्त विभाग असतो. त्यांचं कार्ड लावल्याशिवाय तिथला दरवाजा उघडत नाही. आत त्यांचं वेगळं रेस्टॉरंट, वेगळा तरणतलाव, उन्हात बसायचा वेगळा डेक, आणि दिमतीला बटलर. एमएससी नावाच्या कंपनीनं 2008 साली फँटासिया या जहाजावर ‘यॉट क्लब’ नावानं असा विभाग केला. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर त्याला ‘हेवन’ म्हणतात. सिंगापूरहून निघणारं ‘जेंटिंग ड्रीम’ आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकात नेहमी असतं, त्यावर या विभागाचं नाव ‘पॅलेस’. मी त्याला जहाजातला वेगळा मोहल्ला म्हणते.

ही कल्पना तशी नवीही नाही. जुन्या काळी जहाजावर वर्ग असायचेच. कोकणातली मंडळी मुंबईहून आगबोटीनं गावी जायची, तेव्हाही लोअर डेक आणि अप्पर डेक अशी तिकिटं होती. खाली माणसं, गाठोडी, कोंबड्या, आणि वर जरा मोकळी हवा. पुढे समुद्रप्रवास पोचण्यासाठी न राहता फिरण्यासाठी झाला, तेव्हा बऱ्याच जहाजांनी हे वर्ग काढून टाकले. खोली तुमच्या ऐपतीप्रमाणे, बाकी जहाज सगळ्यांचं. इंग्लंडच्या क्युनार्ड कंपनीनं मात्र जेवणाची वेगवेगळी दालनं सोडली नाहीत, त्यांच्या ‘क्वीन मेरी 2’वर अजूनही महाग खोलीवाल्यांचं रेस्टॉरंट निराळं आहे. म्हणजे मोडलेली भिंत पुन्हा बांधली गेली, फक्त यावेळी तिला चांगला रंग दिला.

आता हिशेब. भाडं हंगामाप्रमाणे रोज बदलतं, त्यामुळे मी रुपये सांगत नाही, शंभराच्या मापानं सांगते. आमच्या हातात आलेल्या कोटेशनमध्ये आतल्या खोलीला 100 धरले, तर बाल्कनीच्या खोलीला 150 च्या आसपास पडत होते आणि त्या वेगळ्या मोहल्ल्यातल्या सर्वांत लहान स्वीटला 400 च्या वर. टूरवाल्या मुलानं फोनवर सगळी यादी वाचून दाखवली. “काकू, यात वायफाय आहे, ड्रिंक्स आहेत, स्पेशल जेवण आहे, बटलर आहे. सुटं घेतलं तर याच्यापेक्षा जास्त पडतं.”

इथं आपली फसगत होते. वर्गात मुलं गणित सोडवताना दिलेला प्रत्येक आकडा वापरायचाच असं समजतात, तसं. यादीतल्या प्रत्येक गोष्टीसमोर दोन रकाने करा. पहिल्यात, ती सुटी घेतली तर किती पैसे. दुसऱ्यात, आपण ती सुटी घेतली असती का. दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलं की पहिल्यातला आकडा शून्य. ड्रिंक्सची किंमत त्या पॅकेजमध्ये भरपूर धरलेली असते. आपल्या अकरा घरांत त्याचा फायदा किती जण घेतील ते मी बोलत नाही, नावं तुम्हाला माहीत आहेत. (हशा.) आमच्या घरी तो आकडा शून्य. वायफाय चार दिवस नसलं तरी चालतं. जेवणाचं तर उलट आहे. त्या खास रेस्टॉरंटची यादी लहान असते, ताटात फूल ठेवून घास दोन देतात. आपल्या लोकांना वरण-भात सापडतो तो सगळ्यांसाठी असलेल्या मोठ्या बुफेत. तो सगळ्यांना भाड्यातच मिळतो. आपण एचएमटीचा कट्टा घेतानासुद्धा मूठभर तांदूळ हातावर घेऊन बघतो, आणि हा एचएमटी आपल्याच भागातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेला. तेवढी नजर इथंही लावायची.

बटलर काय करतो, असं पुष्कळांनी विचारलं. बॅगा उघडून कपडे लावून देतो, चहा खोलीत आणतो, थिएटरमध्ये जागा धरतो, उतरताना रांगेशिवाय नेतो. आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “माझे कपडे परका माणूस लावीन तर मीच चार दिवस बाहेर बसून राहीन.” सगळ्यांचं असं नसेल. पण ज्याची आपल्याला लाजच वाटणार, त्याचे पैसे भरण्यात काय अर्थ?

मग यादीतून इतकं सगळं खोडल्यावर उरतं काय? उरतं ते खरं महाग आहे आणि सुटं विकत मिळत नाही. गर्दी नाही, रांग नाही, आवाज नाही. मोठ्या जहाजावर तीन-चार हजार प्रवासी असतात. दिवाळीच्या नि मेच्या सुट्टीत तरणतलावाजवळ खुर्ची मिळवणं म्हणजे आपल्या स्टेशनावर सणासुदीला गोंदियाच्या गाडीत जागा मिळवण्यासारखं. चढताना रांग, बुफेत रांग, लिफ्टला रांग, उतरताना सगळ्यांत मोठी रांग.

ही गोष्ट कोणासाठी किती महत्त्वाची, ते मी जहाजावर डोळ्यांनी पाहिलं. नागपूरचं एक जोडपं भेटलं. भाऊंना पार्किन्सन. हात थरथरतो, चाल अडते, मागून कोणी घाई केली की पाय जागीच थिजतो. त्या ताईंनी स्वीट घेतला होता. त्या मला म्हणाल्या, “पाच वर्षं झाली, हे बाहेर जेवायला येत नाहीत. हातातून चमचा पडतो, लोक बघतात. इथं वीस-पंचवीस टेबलं आहेत, वाढणारा मुलगा पहिल्या दिवशी एकदा समजून गेला, दुसऱ्या दिवशी त्यानं न सांगता खोल वाटी आणि मोठा चमचा ठेवला.” त्यांना समुद्रापेक्षा त्या वाटीचंच कौतुक जास्त होतं. त्यांच्या रकान्यात ड्रिंक्स शून्य, वायफाय शून्य, बटलरही जवळजवळ शून्य, आणि तरी चारशे रुपये पुरते वसूल. माझा हिशेब त्यांच्या हिशेबापुढे चालत नाही, हे मी तुम्हाला स्वच्छ सांगते.

पण दुखण्याला स्वीट हाच इलाज आहे असंही नाही. नुसते गुडघे दुखत असतील, व्हीलचेअर लागत असेल, तर मोठ्या जहाजांवर त्यासाठी वेगळ्या केबिन असतात. दरवाजा रुंद, उंबरठा नाही, न्हाणीघरात धरायला दांडे आणि बसून आंघोळीची सोय. या साध्या वर्गांतही मिळतात, मात्र संख्येनं थोड्या असतात, म्हणून बुकिंगच्या पहिल्या दिवशीच मागाव्या लागतात. आणि एक गोष्ट पत्रकात लिहिलेली नसते. जहाज हलतं ते वरच्या मजल्यांवर आणि दोन टोकांना जास्त जाणवतं, खाली आणि मधोमध कमी. स्वीट बहुतेक वेळा वरच असतात. ज्यांना घाटरस्त्यालाही मळमळतं, त्यांनी जास्त पैसे भरून जास्त हलणारी खोली का घ्यावी?

आता आमच्या घरी काय झालं ते सांगते, कारण खरी अडचण पैशाच्या पुढं आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलगा स्वीट देणार होता. त्याचा हट्टच होता. लहानपणी त्यानं बापाबरोबर जनरलच्या डब्यात दाराजवळ उभं राहून प्रवास केलेला आहे. आम्ही दोन खोल्यांत राहत होतो, तो परीक्षेचा अभ्यास ओट्याखाली बसून करायचा. त्याच्या मनात होतं, आई-बाबांना एकदा तरी कोणाचा धक्का न लागता फिरू द्यावं. असं देणाऱ्याला ‘नको, उधळपट्टी आहे’ म्हणणं सोपं नसतं. पैसे त्याचे, मग आपलं काय जातं, असंही मनात येऊन गेलं. हे तर दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “त्या खोलीत आपण दोघंच बसायचं ना? मग आपण वडशालाच बरे आहोत.”

मी कागद घेतला. एका स्वीटच्या पैशात बाल्कनीच्या दोन खोल्या येत होत्या आणि वर थोडे उरत होते. लहान मूल आईबापाच्या खोलीत तिसरं माणूस म्हणून राहिलं की त्याचं भाडं बरंच कमी पडतं. मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, “तुझंच बक्षीस घेते, पण मोडून घेते. तू, सूनबाई आणि छोटू, तिघंही चला.” तो म्हणाला, सुट्टी मिळत नाही. मी म्हटलं, मग आम्हालाही स्वीट मिळत नाही. त्याला थोडा राग आला, आठ दिवस गेले, मग सुट्टी मिळाली.

चार रात्री आम्ही पाच जण होतो. मुलाशी सलग चार दिवस बोलणं तो नोकरीला लागल्यापासून झालं नव्हतं. परतीच्या सकाळी उतरायच्या रांगेत मात्र आम्ही पाऊण तास उभे होतो, यांचा पाय सुजला, आणि शेजारच्या दरवाजातून स्वीटवाले आरामात जाताना पाहून मला त्या बटलरची आठवण आलीच. तेही सांगायला पाहिजे.

आता आपल्या सहलीचा मुद्दा. तीन घरांनी स्वीट घेतला तर इतरांना का टोचलं? कोणाच्या पैशावर कोणाचा आक्षेप नाही. आपल्यातल्या कोणाचं घर एकमजली, कोणाचं दुमजली, पंचवीस वर्षांत यावरून कधी भांडण झालं नाही. सभेत मात्र मोठ्या प्लॉटवाल्याला दोन हात वर करता येत नाहीत. कायद्यानंच सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत. म्हणून सभेत सगळे सारखे बसतो, नंतर चहा पिताना सारखेच कुरकुरतो.

आपण झाडीपट्टीची माणसं. दिवाळी झाली, धान निघाले की होळीपर्यंत आपल्या वडशातून नाटकं निघतात. आपल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. तिथंही तिकिटाचे भाव वेगळे असतात, कोणी खुर्चीवर, कोणी खाली. पण मंडप एक, नाटक एक, आणि पडदा पडला की चहाच्या टपरीवर सगळे एकत्र. ताडोब्याचंही तसंच. कोणी मोहर्लीला एमटीडीसीत उतरो, कोणी महागड्या रिसॉर्टमध्ये, सकाळी जिप्सी एकाच गेटवर, एकाच वेळी. वाघ कोणाला दिसेल ते वाघ ठरवतो. अशा ठिकाणी महाग खोली घेतली तर मला काही वाटत नाही, कारण दिवस सगळ्यांचा सोबत जातो.

जहाजातल्या वेगळ्या मोहल्ल्यात नाटकाचा मंडपच वेगळा होतो. तुम्ही आत बसणार, आणि आम्हाला तुमच्याकडे यायचं तर कार्ड चालणार नाही. पाहुणा आत नेता येत नाही, हाच तर त्या विभागाचा नियम आणि त्याचीच किंमत. तुम्ही बाहेर येऊ शकता, कोणी अडवत नाही. पण मग भरलेले पैसे आठवतात. आत बसावं तर मंडळी बाहेर, बाहेर यावं तर पैसे वाया, अशात माणूस चार दिवस जिन्यावरच राहतो. म्हणून माझं मत : दोघंच जात असाल, गर्दीचा हंगाम असेल, सहल आठ-दहा दिवसांची असेल, त्यातले पुष्कळ दिवस बंदराला न लागता समुद्रातच जाणार असतील, किंवा घरात त्या नागपूरच्या भाऊंसारखं कोणी असेल, तर वेगळा मोहल्ला जरूर घ्या. अकरा घरांनी मिळून दोन-चार रात्री जायचं असेल, तर नको.

आपल्यापुढे दोन पर्याय आहेत. सिंगापूरचा सांगितला. दुसरा मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज. हे 1990 सालचं जहाज, आजच्या मानानं लहान, मुंबईहून 2021 पासून जातं. त्यावर स्वीट आहेत, पण स्वतंत्र रेस्टॉरंट-तलावाचा असा बंदिस्त मोहल्ला नाही. म्हणजे हा सगळा वादच तिथं मिटतो : ज्याला मोठी खोली पाहिजे त्यानं घ्यावी, दिवसभर सगळे एकाच डेकवर. लक्षद्वीपला जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान होडीत उतरून बेटावर जावं लागतं. लहानपणी वैनगंगेतल्या डोंग्यात चढताना जशी एकानं हात धरायची आणि दुसऱ्यानं मागून ढकलायची पद्धत होती, तीच तयारी ठेवा. गुडघेवाल्यांनी हे आधी विचारात घ्यावं. तिथं स्वीटचा काही उपयोग नाही, होडी ती होडीच. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरलं की बंदर टॅक्सीनं जवळच आहे, पासपोर्टही लागत नाही. बेटावर जायचा परवाना लागतो, तो टूरवाल्यानं काढून द्यायचा, हे लेखी घ्या.

सिंगापूर ठरलं तर पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक आहे का ते आजच बघा, आणि व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा मागा, कारण जहाज बाहेर जाऊन परत सिंगापूरलाच येतं. परदेशी सहलीवर टूरवाला टीसीएस घेतो. पावती जपून ठेवा, रिटर्न भरताना तो वळता करता येतो. एकट्या जाणाऱ्या आपल्या दोन काकू आहेत, त्यांनी एकत्र खोली घ्यावी. एकट्यानं केबिन घेतली तर बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं लावतात.

राहिले ते तीन स्वीटवाले. त्यातल्या एका घरात आजोबांना गर्दीत श्वास कोंडतो, त्यांच्या सुनेशी माझं बोलणं झालं. त्यांनी जहाज कुठलंही असो, स्वीट घ्यावा आणि त्यावर बाकावर कोणी बोलू नये, एवढी विनंती मी या माइकवरून करते. दुसऱ्या दोन घरांनी अजून एक करून बघावं. काही कंपन्या जहाज निघायच्या आधी उरलेले स्वीट बोलीवर देतात. साधी खोली पक्की करा, मग वाटलं तर बोली लावा. बोली दर माणशी असते आणि मान्य झाली की पैसे परत मिळत नाहीत, हे मात्र आधीच समजून घ्या. तोवर आम्ही सगळे तुम्हाला बाहेर थांबवायचा प्रयत्न करूच.

सचिव भाऊ घड्याळ दाखवत आहेत, मुलांचे नाच राहिले आहेत. ज्यांना तो दोन रकान्यांचा कागद पाहिजे, त्यांच्यासाठी मी वीस झेरॉक्स काढून आणल्या आहेत, मागच्या टेबलावर पाण्याच्या जारजवळ आहेत. भरून पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे द्या, म्हणजे सोमवारी टूरवाल्याला अकरा घरांचा आकडा सांगता येईल.